सुमनची जोडी

“आता नको, सुमनला बांधतोय,” असं बाळाराम फोनवर म्हणाला आणि तिकडे संगमेश्वराजवळच्या घरात सत्यभामा एकदम गप्प झाली.

आपण काय बोललो हे बाळारामला जरा उशिरानेच कळलं. त्याचे दोन्ही हात नारळाच्या दुधात शिजवलेल्या चिकट भाताने बरबटले होते. फोन कॅम्पच्या किचनमधल्या मिठाच्या डब्याला टेकवलेला होता.

“कोण सुमन?”

“अगं, बाई नाय ती. खायची असते.”

यावर तर तिकडून श्वाससुद्धा ऐकू येईना. शेजारी उभ्या असलेल्या रोडेलला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण बायकोची शांतता कुठल्याही भाषेत सारखीच असते. त्याने हसत हसत व्हिडिओ चालू केला आणि केळीच्या पानात गुंडाळलेली हिरवीगार वळकटी कॅमेऱ्यासमोर धरली. “गुड मॉर्निंग, सिस्टर. धिस सुमन.”

“अगो बाई,” सत्यभामा म्हणाली. “हे तर आपल्या पातोळ्यांच्या जातीतलं दिसतंय.”

बाळारामचा जीव भांड्यात पडला.

रोडेल फिलिपिन्सचा. रास तनुराच्या या कॅम्पात आठ वर्षं तो स्टोअरकीपर होता. आता स्टोअरची नोकरी सौदी माणसालाच द्यायची असा नियम आला. महिनाभर रोडेलने स्वतःच आपल्या जागी आलेल्या फहादला सगळं शिकवलं, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फळीवर ते. बिचाऱ्या फहादचा तरी काय दोष? काल त्याने रोडेलच्या हातच्या चार सुमन खाल्ल्या आणि पाचवी रुमालात बांधून आईसाठी नेली. उद्या, शनिवारी, रोडेलचं विमान होतं. म्हणून आज सकाळपासून तो बाळारामला सुमन करायला शिकवत होता. पानं बाळारामच्याच केळीची होती. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर त्याने ती बराकीमागे जगवली होती. केळं तिने कधी दिलं नाही, पण पानांना कमी पडली नाही.

बाळाराम वेल्डर होता. वेल्डरच्या जागेला अजून नियम लागला नव्हता. त्याच्या शर्टाच्या खिशात वेगळाच कागद होता. तबूकची साईट, आणखी दोन वर्षं. रविवारी सही करायची, नाहीतर घरी जायचं. सही करायचं त्याने जवळजवळ ठरवलंच होतं. फक्त ते बायकोला सांगायचं होतं, आणि ते सुमन बांधण्यापेक्षा अवघड होतं.

“दाखवा तरी कसं करतात,” सत्यभामा म्हणाली.

रोडेल खुलला. पान गॅसवर फिरवून त्याने नरम केलं, त्यावर बोटभर लांब भात ठेवला, घट्ट गुंडाळून कडा खाली मुडपल्या. मग दुसरी केली. दोघींच्या सपाट बाजू एकमेकींना लावल्या आणि केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपाच्या दोरीने एकत्र बांधल्या. बाळारामनेही एक गुंडाळून, जोडी न बांधता, तशीच पातेल्यात सोडली. ती उकळत्या पाण्यात गडगडली आणि सुटली. ज्याचा पाईपचा जोड कधी गळला नाही, त्याच्या सुमनमध्ये पाणी शिरलं होतं.

“दोन-दोन का बांधतो तो?” सत्यभामाने विचारलं.

बाळारामने विचारून पाहिलं. रोडेलने झाऱ्याने ती फुटकी सुमन उचलून दाखवली. “वन, नो गुड. रोल, ओपन, खलास. टू, होल्ड. सेम-सेम हजबंड-वाइफ.”

“एकटी असली की सुटते म्हणतो,” बाळारामने सांगितलं. “दोन असल्या की एकमेकींना धरून राहतात.” शेवटचं वाक्य त्याने गिळून टाकलं.

पण हजबंड-वाइफ कळायला सत्यभामाला दुभाषा लागत नव्हता.

“तरीच,” ती म्हणाली. “मला चौदा वर्षं एकटीलाच उकळत ठेवलंय तुमी.”

ती हसतच म्हणाली होती. बाळारामही हसला, पण हसू काही पुरलं नाही.

“व्हॉट शी से?” रोडेलने विचारलं.

“शी से, गुड.”

परातीत आता शेवटचा भात उरला होता, जेमतेम एका सुमनपुरता. रोडेलने पान पुढे केलं. बाळाराम भाताकडे बघत राहिला. मग त्याने बोटाने त्याचे दोन भाग केले, पान मधून फाडलं, आणि करंगळीएवढ्या दोन सुमन वळून एकमेकींना लावल्या. दोरी दोनदा फिरवून गाठ मारली. पातेल्यात सोडल्यावर त्या एकदाच हलल्या आणि इतरांत जाऊन बसल्या. रोडेलने त्याच्या पाठीवर थाप मारली.

बाळारामने हात धुतले, पुसले आणि फोन उचलून तोंडाजवळ आणला.

“ऐकतेस? परड्यातल्या केळीची पानं तोडू नको. राखून ठेव.”

“का ओ?”

“मी आता रजेवर येत नाय.”

तिकडे पुन्हा शांतता झाली. सकाळपासूनची ही दुसरी, आणि पहिलीपेक्षा वाईट. आपण पुन्हा भलतंच बोललो, हे या वेळी बाळारामला लगेच कळलं.

“अगं, रजेवर नाय. नुसताच येतोय. परत जायचं नाय.”

सत्यभामाने पदराने नाक पुसल्याचं पडद्यावर दिसलं. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली,

“या. पण एकटे येऊ नका. सुमनला बी घेऊन या.”