चुकीच्या कोर्टातलं अपील

दीपमाला हजर नसताना साक्रीच्या दिवाणी न्यायालयाने तिच्या नवऱ्याला घटस्फोट दिला. या निकालावरचं अपील धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात करायचं असतं. तिच्या वकिलाने ते थेट हायकोर्टात लावलं. चौदा महिन्यांनी कागद परत आले, मग धुळ्यात सुनावणी झाली आणि शेवटी घटस्फोट रद्द झाला.

दुसऱ्याच दिवशी दारात एक तरुणी आली. तिला सातवा महिना होता.

"मी संघमित्रा. मागच्या वर्षी तुमच्या नवऱ्याशी माझं लग्न झालं, विहारात, सगळ्यांसमोर. त्याआधी माझे आबा धुळ्याला कोर्टात जाऊन विचारून आले होते. अपील नाही, असं सांगितलं त्यांना."

"तेव्हा तिथं नव्हतंच," दीपमाला म्हणाली.

भांडण होईल म्हणून ती तयारीत उभी होती. पण संघमित्रा उंबऱ्यावरच बसली. रडू आवरताना तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"मंग अक्का, आते मी त्यास्नी कोन शे?"

दीपमालाने तिला पाणी दिलं. संघमित्रा त्याची कोण, याचं उत्तर दीपमालाला माहीत होतं: कायद्याने त्याची बायको आपण एकटीच. तीन वर्षं ती कोर्टाकडे तेच तर मागत होती.