कोमट पाणी

"घरात तान्हं बाळ आहे, अजगर मित्राकडे सोडून या," असं मी विकीभावजींना बजावलं होतं. पण त्याआधीच त्यांच्या लाडक्या अजगराच्या खवल्यांत बारीक किडे झाले.

"जनावरांचे डॉक्टर बोलले, फवारा बिलकुल नको. किडे जाईपर्यंत रोज कोमट पाण्यात बसवा," असं म्हणत भावजींनी टबात गीझरचं पाणी सोडलं.

मी धावत जाऊन त्यात कोपर बुडवलं. "हे कोमट? बाळाला असं पाणी घालाल का?"

मग रोजचं पाणी मीच बघू लागले.

किडे गेले तशी भावजींनी त्याची पेटी उचलली. "सोडून येतो, वहिनी."

"आत्ताच अंघोळ झालीय त्याची. वारं लागेल," मी म्हणाले, आणि बाळाला तीट लावताना बोटाला राहिलेलं काजळ पेटीच्या काचेवर टेकवलं.