पाव फेरा

पंढरीनं गाडी दोन्ही हातांनी दुकानातल्या बाकावर ठेवली. हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी, पण पोटात खरंखुरं इंजिन. रविवारी विष्णुपुरीला, त्याच्या कॉलेजमागच्या मैदानात शर्यत होती. तेवढ्यासाठी तो एसटीनं उदगीरला आला होता.

"अप्पांचाच हात लागू द्या, ताई," तो रुद्राणीला म्हणाला. "तुम्ही फक्त फिल्टर धुवा."

"धुते की. पाणी आणलंस का?"

पंढरी हसला. टँकर येऊन आठ दिवस झाले होते. रुद्राणीनं फिल्टरचा फोम रॉकेलमध्ये पिळला. धूळ चहाच्या गाळासारखी वाटीच्या तळाशी बसली.

तिचे वडील, माणिकप्पा, खाली मान घालून बेअरिंग पुसत होते.

"अप्पा, पंढरी आलाय," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

"आं?"

"पंढरी! मुखेडचा!"

"मग एवढी वरडतीस कशाला?"

दोन वर्षांपूर्वी ती नांदेडची नोकरी आणि नवऱ्याचं घर, दोन्ही सोडून आली. त्याच उन्हाळ्यात अप्पांचे कान गेले. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "म्हातारपणाला औषध न्हाई." तेव्हापासून दुकानाचा फोनही तीच घ्यायची. टँकरचा भोंगा वाजला की मात्र घागर घेऊन तिच्या आधी तेच उठायचे. गल्लीतल्या बायांची पळापळ त्यांना दिसत असावी.

अप्पांनी इंजिन चालू केलं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं कार्बोरेटरची सुई फिरवली, डोळे मिटले, पुन्हा फिरवली. या सुईवर सगळं असतं. सैल राहिली तर गाडी धूर सोडत रेंगाळते. घट्ट राहिली तर इंधन पुरत नाही, आवाज चिरका होतो आणि असल्या उन्हात दहा मिनिटांत पिस्टन जाम होतो. याला मीटर चालत नाही, कान लागतो.

आवाज चिरका येत होता. रुद्राणीचे दात शिवशिवले. अप्पांनी समाधानानं मान हलवली, इंजिन बंद केलं आणि सुईवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका म्हणजे अप्पांची सही. त्यानंतर सुईला कुणी हात लावायचा नाही, हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं.

पंढरी चहाला स्टँडकडं गेला. अप्पा पाठ करून पुन्हा बेअरिंगांकडं वळले. रुद्राणीनं ठिपका खरवडला, सुई पाव फेरा सैल केली, इंजिन चालू करून पाहिलं. आता ते गळा मोकळा करून गायल्यासारखं वाजलं. अप्पा वळले नाहीत. तिनं जुन्या जागी नवा ठिपका दिला.

दोन वर्षं हेच चाललं होतं. प्रत्येक गाडी, प्रत्येक वेळी पाव फेरा घट्ट. सांगायचं तिनं कितीदा ठरवलं. पण ज्या माणसाचा सगळा जन्म कानावर उभा होता, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगायचं तरी ओरडून?

नेलपॉलिशची बाटली संपत आली होती. ती तिरकी धरून शेवटचा थेंब काढताना रुद्राणी अप्पांच्या पाठीकडं बघत हळूच म्हणाली, "आता पाटीवर लिहूनच टाका, अप्पा. हात अप्पांचा, कान रुद्राणीचा."

अप्पा बेअरिंगला तेल देत राहिले.

संध्याकाळी ते बाजारात जाऊन आले. पिशवीत वांगी होती आणि नेलपॉलिशच्या दोन बाटल्या.

"दोन कशाला?" तिनं बोटांनी विचारलं.

"लागतात," अप्पा म्हणाले.

सकाळी ते उठले नाहीत.

लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. माती कोरडी ठणठणीत होती, खड्डा खणायला पहारी लागल्या.

पंधराव्या दिवशी रुद्राणीनं दुकान उघडलं. पहिला आला तो पंढरी. शर्यतीत त्याचा दुसरा नंबर आला होता. कप त्यानं अप्पांच्या स्टुलावर ठेवला.

"एवढं ऊन, पण इंजिन शेवटपर्यंत गात होतं, ताई. अप्पांचा शेवटचा हात." मग फळीवरच्या गाड्यांकडं बघून खाली मान घातली. "पोरांनी सांगितलंय, आमच्या गाड्या परत घेऊन ये. आता सुई लावणार कोण?"

रुद्राणीच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललं की दुकान राहिलं असतं, आणि अप्पांचं नाव गेलं असतं. ती फळीवरून गाड्या उतरवून देऊ लागली.

चौथी गाडी हातात असताना मन्मथ पेंटरनं दारात सायकल लावली. कॅरिअरला वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी होती.

"उशीर झाला, ताई. नवीन जिल्ह्याच्या मागणीच्या मोर्च्याचे बोर्ड रंगवत बसलो होतो. अप्पा गेल्याचं परवा कळलं."

"पाटी कुणी सांगितली?"

"अप्पांनीच की. गेले त्याच्या आदल्या सांजंला बाजारातून फोन केला."

"फोन?" रुद्राणी म्हणाली. "तुम्हीच बोलत असाल. त्यांना कुठं ऐकू येत होतं?"

मन्मथ हसला. "उलटंच झालं, ताई. माझ्याकडं घोषणांचा लई गलका. मलाच ऐकू येईना. त्यांना मात्र माझं एक अक्षर परत सांगावं लागलं न्हाई. रंग कुठला, म्हणलं, तर म्हणाले, नेलपॉलिशचा लाल."

त्यानं सुतळी सोडली. कागद बाजूला झाला. पांढऱ्या पत्र्यावर दोन ओळी होत्या.

हात अप्पांचा.
कान रुद्राणीचा.

पंढरीनं ओळी वाचल्या आणि तिच्याकडं पाहिलं. रुद्राणीनं हातातली गाडी परत फळीवर ठेवली. मग ती रिकाम्या स्टुलाकडं वळली, आणि न ओरडता, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, तो पाव फेरा मी सैल करत होते."