घराकडची मुळं

मजुराने कुदळ टाकली आणि खड्ड्यातूनच हाक मारली, "वहिनी, जरा इकडे या."

सुनेने ओले हात झटकले. तिला घाई होती. सासरे डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते आणि ते परतायच्या आत अंगणातला बुंधा निघायला हवा होता. त्यांच्यादेखत तो कधीच निघाला नसता. तिने तीनदा विषय काढला, तीनदा त्यांनी तो उडवून लावला. "माझ्या पोराची तेवढीच खूण राहिलीय. हात लावायचा नाही."

दोन वर्षांपूर्वी, वादळ सुटलं तेव्हा, तिनेच नवऱ्याला दोरीवरच्या चादरी काढायला पाठवलं होतं. तेवढ्यात हे झाड एका बाजूने उखडलं आणि त्याच्या अंगावर कोसळलं. तेव्हापासून सासरे येईल-जाईल त्याला सांगत, "दोन चादरींपायी हिने माझा पोरगा घालवला." हळूहळू तिलाही ते पटलं. ती माहेरी गेली नाही. सासऱ्यांचं जेवणखाण, औषधपाणी केलं, टोमणे गिळले. फक्त भांडी घासताना खिडकीतून तो बुंधा दिसायचा आणि ती खिडकी लावून घ्यायची. आता तेवढंही सोसवेना, म्हणून तिने मजूर बोलावला होता.

"हे बघा," मजूर म्हणाला. "घराच्या बाजूचं एकही मूळ शाबूत नाही. कुऱ्हाडीने तोडलीयत, सरळ एका रेषेत. पाइप टाकायला तोडली असणार. अशा झाडाने तग कसा धरायचा? वाऱ्याचं नुसतं निमित्त."

ती खड्ड्याच्या काठावर वाकली. मनगटाएवढी जाड मुळं, टोकं काळी पडलेली. त्यांच्याच रेषेत नव्या बाथरूमचा पाइप. तो टाकायचा चर वादळाच्या थोडं आधी सासऱ्यांनी स्वतः खणला होता. जन्मभर नळकाम केलेला माणूस, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. झाडाला वळसा घालून नेऊ, असं नवरा म्हणाला होता. "मला शिकवू नकोस," म्हणत त्यांनी चर सरळ नेला होता. ती त्यांना तिथेच चहा नेऊन देत होती.

फाटक करकरलं. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे सासरे चाचपडत आले. पायाला ओली माती लागली तशी ते जागीच थबकले.

"कुणी सांगितलं खणायला?" ते ओरडले. "माती लोट परत!"

मजुराने तिच्याकडे पाहिलं.

"थांबू नका," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "बाबा, ही मुळं तुम्ही तोडलीत?"

ते नाही म्हणतील असं तिला वाटलं. त्यांनी नाहीच म्हणावं, असंही कुठेतरी वाटलं. पण ते मातीच्या ढिगावरच खाली बसले.

"एवढं मोठं झाड," ते पुटपुटले. "वाटलं, चार मुळांनी काय होतंय."

"आणि ते पडलं तेव्हा? तेव्हा कळलं नाही?"

सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, औषधाचं की कशाचं ते कळत नव्हतं.

"दिसलं ना," ते म्हणाले. "सगळे त्याला उचलत होते, तेव्हा मी त्या मुळांवर चिखल थापत होतो."