हवा न पोचणारी जागा

"गाठीच्या मधातच किरणं जास्ती काऊन?" रूपराव महाराज खुर्चीवरून उठलेच. "सगळीकडं सारखी द्या ना, सोसंल तेवढी."

दवाखान्यातल्या संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या बायकोच्या, वच्छलाबाईंच्या गळ्यातली गाठ दिसत होती. कडेनं पिवळी, मध्ये गर्द निळी. डॉक्टर प्रेरणाताईंनी निळ्यावर बोट ठेवलं. "महाराज, इथं प्राणवायू पोचतच नाही. अशा जागी नेहमीची किरणं लागू पडत नाहीत. बाकीची गाठ विरघळेल, हा गाभा राहील आणि पुन्हा वाढेल. म्हणून तेवढ्याच जागी मात्रा वाढवू. पद्धत नवी आहे. घशाला त्रास थोडा जास्त होऊ शकतो. बोला, करायचं का?"

महाराजांचं कीर्तन आष्टीपासून सिंदीपर्यंत गाजलेलं. मरणावर असं निरूपण करत, की ऐकणारा हलका होऊन घरी जाई. आज त्यांना बायकोकडं पाहवेना.

"हिले आताच पाणी गिळवत नाई," ते पुटपुटले. "अजून भाजाल काय?"

"मी बोलू?" वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता, डोळे मात्र हसत होते. "डॉक्टरबाई, यांच्या कीर्तनात बायकांच्या मागं एक कोपरा असते. तिथं पंख्याची हवा येत नाई. बसलं का गुंगी चढते. मंग हे कितीबी गोड गावोत, तिकडं काईच पोचत नाई." त्या नवऱ्याकडं वळल्या. "तवा तुमी काय करता? साऱ्या मंडपावर वरडता? नाई. तेवढ्या कोपऱ्याकडं तोंड करता, टाळ वाजवता अन् जोरात 'विठ्ठल' म्हणता. पुढचे बिचारे सुखानं डोलत राह्यतात."

"तुले काय मालूम कोपऱ्यातलं?" महाराज चिडले. "तू तं डोळे मिटून तल्लीन असते!"

"तल्लीन!" वच्छलाबाईंना हसताना ठसका लागला. "आवं, लगन झाल्यापासून मी तिथंच झोपून राह्यली."

डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. महाराज बायकोकडं बघतच राहिले. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत, पाणावल्या डोळ्यांनी तेही हसू लागले.

"द्या डॉक्टरबाई, मधातच जोरानं द्या," ते म्हणाले. "बरी करा हिले. हिनं तं माहं एकबी कीर्तन आजून आयकलं नाई!"