पाथर्डीहून एक जण

शेजारच्या मनवाने पुष्पाताईंच्या शिवणकामाची वेबसाइट फुकटात बनवून दिली. ताईंची अट एकच होती, नाव नको आणि चेहरा नको. म्हणून मनवाने फक्त मशीनवरच्या हातांचा फोटो टाकला. तो जरा अंधुक होता, तर एका फुकटच्या ॲपमधून लख्ख करून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाईल नाचवत भिंगारच्या त्यांच्या खोलीत शिरली.

“ताई, कोण काय बघतंय ते यात दिसतं. आत्ता पाथर्डीहून एक जण आलाय. दहा मिनिटं झाली, तुमचा हातच मोठा करून बघतोय!”

ताईंची मशीन थांबली. फोटोत मनगटावर गोंदलेलं ‘बजरंग’ ठसठशीत वाचता येत होतं. ज्याने कोयता उगारला म्हणून त्या पाथर्डीहून पळून आल्या होत्या, त्या नवऱ्याचं नाव.

“पत्ता न्हाई ना दिला गं त्यात?”

“पत्ता नसला तर गिऱ्हाईक येणार कसं? ‘रस्ता दाखवा’ असं बटणच दिलंय,” मनवा हसली. “हे बघा, दाबलंसुद्धा त्याने!”