डावी खुर्ची

“अक्का, काल फ्लाइंग क्लबात पोरींना विमान चालवायला शिकवलंत ते तास कळवलेच नसतेत तर काय बिघडलं असतं?” विमानकंपनीच्या चेन्नईतल्या गिंडी भागातल्या ऑफिसात पाळ्या लावणारा वेंकट कळवळून म्हणाला. नियमाने बाहेरचं उड्डाणही मोजलं जातं, त्यामुळे सहवैमानिक यामिनीचे उड्डाणाला परवानगी असलेले तास भरले होते आणि आजचं मदुराईचं विमान तिला नेता येत नव्हतं. “अजूनही ते तास खोडून टाका. मी पाहिलंच नाही. नाहीतर साहेब बढती अडवतील, कॅप्टनची डावी खुर्ची गेलीच समजा!” यामिनीने बॅगेच्या तळाशी दडवलेला क्लबचा जाडजूड हेडसेट काढला आणि गळ्यात अडकवला. “दमलीस तर उडू नकोस, असं पोरींना मीच बजावते.” “पण खुर्ची, अक्का?” “क्लबच्या विमानात डावी खुर्ची शिकणारीची असते, वेंकट. ती सोडायची मला सवय आहे. आता साहेबांनाही हेच सांगते.” हेडसेट न काढताच तिने साहेबांच्या केबिनचं दार ढकललं.